उतारावरचा दांडा

गेल्या मे महिन्यात आमच्या घरामागची जुनी पडवी उतरवायला काढली. मागच्या वाडीत एक यंत्र न्यायचे होते आणि त्याला वाट हवी होती. यंत्र कशासाठी, ते पुढे येईलच. कौले उतरली, वासे उतरले, आणि भिंतीच्या कोनाड्यात गोणपाटात गुंडाळून ठेवलेली एक हातभर लांबीची पत्र्याची पट्टी हाती आली. तिचा रंग गंजाने केव्हाच खाल्ला होता, परंतु बोट फिरवले तर उठावाची अक्षरे अजून लागत होती. आम्ही रॉकेलचा बोळा फिरवून ती पुसली. पाच रोमन अक्षरे वर आली, आणि आम्ही तिघांनीही ती एकदमच मोठ्याने वाचली : फार्गो!

आम्ही म्हणजे एका अंगणात वाढलेले तिघे भाऊ, दोन सख्खे आणि एक चुलत. आज आम्ही सत्तरीच्या आगेमागे आहोत. या लेखात ‘मी’ कोठे येणार नाही. त्याचे कारण नम्रता नव्हे. त्या मोटारीच्या आठवणी आम्हा तिघांच्या मनात अशा मिसळून गेल्या आहेत की कोणती कोणाची हे आता सांगता येत नाही. हँडल मारताना मनगटाला झटका कोणाला बसला होता यावरून आम्ही अजून भांडतो. तिघांच्याही मनगटाला तो अजून आठवतो.

या साऱ्या आठवणींचा उगम आमच्या थोरल्या काकांपाशी आहे. काका 1926 चे. वसईच्या वाडीत केळी आणि पानवेली यांच्या सावलीत वाढलेला हा मुलगा अठराव्या वर्षी लष्करात मोटार हाकायला गेला. दुसरे महायुद्ध चालू होते. आसामातल्या लेडोपासून ब्रह्मदेशाच्या डोंगरांतून चीनकडे जाणारा रस्ता अमेरिकन इंजिनिअरांनी 1942 च्या डिसेंबरात काढायला घेतला होता आणि 1945 च्या आरंभी तो पुरा झाला. त्या रस्त्याच्या अलीकडच्या टप्प्यांवर काका रसद वाहत. तेथेच त्यांनी पहिल्यांदा साखळीचा ट्रॅक्टर पाहिला. काका ती गोष्ट घरच्या सामवेदीत सांगत. येथे ती छापील मराठीत उतरवताना तिची अर्धी गोडी जाते, पण इलाज नाही. ते म्हणत, “पोरांनो, आमच्या मोटारी चिखलात आसापर्यंत रुतून बसायच्या. आणि हे धूड, दहा-बारा टनांचं, त्याच चिखलावरून बगळ्यासारखं चालत जायचं. मला वाटलं, यात काही जादू आहे.”

जादू नव्हती, हिशेब होता. चाकाच्या गाडीचे सारे वजन जमिनीला चार-सहा ठिकाणीच टेकते. साखळीच्या गाडीचे वजन मात्र दोन लांबरुंद पट्ट्यांवर पसरते, आणि मग बारा टनांच्या लोखंडाचा जमिनीवरचा दाब उभ्या माणसाच्या पावलाच्या दाबाच्या आसपास येतो. कॅलिफोर्नियात स्टॉकटनजवळच्या भुसभुशीत दलदली जमिनीत वाफेची जड इंजिने रुतत, म्हणून बेंजामिन होल्ट या कारखानदाराने इंजिनाची मागची चाके काढून त्या जागी लाकडी फळ्यांच्या साखळ्या बसवल्या. 1904 च्या 24 नोव्हेंबरला त्याचा प्रयोग झाला. सुरवंटासारखे सरपटते म्हणून त्याला सुरवंटाचेच इंग्रजी नाव मिळाले. पुढे 1925 मध्ये होल्ट आणि बेस्ट या दोन कंपन्या एक झाल्या, तेव्हा त्या नावाचीच कंपनी उभी राहिली : कॅटरपिलर. काकांना हा इतिहास ठाऊक नव्हता. आम्ही तो पुढे पुस्तकांतून वाचला आणि त्यांना सांगितला, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “म्हणजे चिखलानंच शिकवलं त्याला.”

युद्ध संपले. अमेरिकन सैन्य परतले, पण त्याची पुष्कळशी यंत्रे येथेच राहिली. त्यांतल्याच ट्रॅक्टरांवर केंद्र सरकारने एक ट्रॅक्टर संघटना उभी केली. फाळणीनंतर देशात धान्याची ओढ होती, आणि मध्य भारतातली लाखो एकर काळी जमीन कांस नावाच्या गवताने गिळली होती. कांस वरून कापले तर पुन्हा उगवते. त्याची मुळे हातभर खाली जाळ्यासारखी पसरलेली असतात, आणि बैलाचा नांगर तेथवर पोहोचत नाही. उन्हाळ्यात जमीन दगडासारखी झालेली असताना ती फूटभर खोल उलथायची आणि मुळे उन्हात उघडी टाकून वाळवायची, हाच उपाय. ते काम साखळीच्या ट्रॅक्टरांनी केले. 1949 मध्ये जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले ते अशाच नव्या ट्रॅक्टरांसाठी. काका त्या संघटनेत लागले आणि पाच उन्हाळे त्यांनी भोपाळच्या आसपास नांगरट केली.

तेथल्या पहाटेचे वर्णन ते फार रंगून करीत. त्या काळच्या मोठ्या डिझेल इंजिनाला हाताने फिरवणे अशक्य. त्याच्या कुशीला पेट्रोलवर चालणारे दोन सिलिंडरांचे एक लहानसे इंजिन बसवलेले असे. आधी ते चालू करायचे. दोघांचे पाणी एकच, म्हणून धाकट्याच्या उष्णतेने थोरल्याचे अंग हळूहळू गरम होई. मग दात्यात दाता घालून धाकट्याने थोरल्याला फिरवायचे. काही वेळ काळा धूर, मग एक खोल ठोका, आणि मग साऱ्या माळावर तो आवाज पसरे. “धाकट्यानं ऊब दिल्याशिवाय थोरला उठत नाही,” असे म्हणून काका आमच्यातल्या धाकट्याच्या पाठीवर थाप मारीत.

या ट्रॅक्टराला सुकाणूचे चाक नसते. दोन दांडे असतात, उजवा आणि डावा. डावा दांडा ओढला की डाव्या साखळीची ताकद सुटते, उजवी चालत राहते आणि गाडी डावीकडे वळते. अधिक वळायचे असेल तर त्या बाजूचा ब्रेक पायाने दाबायचा. अंगणातल्या बाकावर बसून, दोन बांबू हाती घेऊन आम्ही हे कितीदा तरी गिरवले. एकदा काका म्हणाले, “आता उतार आहे. गाडी खाली निघाली आहे, मागून वजन ढकलतं आहे. डावीकडे जायचं, तर कोणता दांडा?” आम्ही एका सुरात म्हणालो, “डावा!” काकांनी मान हलवली. “मेलात! उतारावर डावा दांडा ओढलात तर डावी साखळी इंजिनापासून सुटते. तिला धरणारं काही उरत नाही, ती वजनानंच पुढं पळते आणि गाडी उजवीकडे वळते. उतारावर सगळं उलटं. चढावर शिकलेला माणूस उतारावर पहिल्यांदा येतो ना, तेव्हाच अपघात होतो.” हा धडा आमच्या ध्यानात राहिला. त्याचा अर्थ कळायला मात्र बराच काळ जावा लागला.

भोपाळनंतर काका कोयनेला गेले. कोयनेचे धरण 1956 ते 1964 या काळात उभे राहिले, 103 मीटर उंचीचे. त्याविषयी बोलताना काकांचा आवाज बदलत असे. त्यात अभिमान असे, आणि आणखीही काही असे. जलाशयाखाली जाणाऱ्या गावांतली माणसे घरांच्या चौकटी काढून गाड्यांत भरून नेत होती, ते त्यांनी पाहिले होते. “एक म्हातारी उंबऱ्याला हळदकुंकू वाहून मग तो उंबरा उपटू देत होती,” ते सांगत. “मी डोझर बंद करून खाली उतरून उभा राहिलो. दुसरं काय करणार?” 1967 च्या 11 डिसेंबरला पहाटे कोयनेला भूकंप झाला आणि कोयनानगर उद्ध्वस्त झाले. बातमी आली तेव्हा काका दिवसभर रेडिओपाशी बसून होते. धरणाला तडे गेले, परंतु धरण उभे राहिले, हे कळल्यावर ते उठले आणि काही न बोलता देवळाकडे निघून गेले.

फार्गो आली ती त्याआधी. काका कोयनेहून परतले, आणि त्यांनी व आमच्या वडिलांनी मिळून एक जुनी तीन टनी मोटार घेतली. मोटार म्हणजे ट्रक. त्या काळी आमच्याकडे ट्रकलाही मोटारच म्हणत. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जुळू लागल्या. डॉज आणि फार्गो या तशा एकाच आईच्या मुली. पट्टी तेवढी वेगळी. पण हे आम्हाला कोण पटवून देणार? शेजारच्या आळीत एक डॉज होती. आमची फार्गो तिच्याहून थोर आहे याविषयी आम्ही मारामारीपर्यंत गेलो आहोत.

तिचे नाक लांब होते. बॉनेट दोन्ही बाजूंनी पाखरासारखे उघडे, आणि आत सहा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन. व्हॉल्व्ह डोक्यावर नसून सिलिंडरांच्या बाजूला बसवलेले. इंजिन साधे, सोशिक. कसल्याही पेट्रोलवर कुरकुर न करता चालणारे. हौदा मात्र आमच्या गावच्या सुताराने बांधलेला, सागाचा. फाळक्यावर त्याने, कोणी न सांगता, केळीचे एक लोंगर कोरले होते. गिअर बदलताना दोनदा क्लच दाबावा लागे, मध्ये इंजिनाला थोडी फुंकर द्यावी लागे, नाही तर दाते अशी किंचाळत की आई स्वयंपाकघरातून ओरडे, “कोणाला मारलंत रे?” सकाळी हँडल मारायचा मान आम्हा तिघांचा, पाळीपाळीने. अंगठा हँडलाच्या वरून घालायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. उलटा झटका बसला तर अंगठा तुटतो. हा नियम आम्हाला धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या प्रश्नोत्तरांइतका पाठ होता.

ती काय काय वाहत असे! पहाटे वाडीवाडीतून केळीची लोंगरे आणि पानांच्या करंड्या वसई रोड स्टेशनला जात. परतताना खत, पेंड, कधी मिठागरावरचे मीठ. नोव्हेंबरात निर्मळच्या जत्रेला सुकेळीच्या पेट्या. लग्नसराईत मंडपाचे खांब, हंडे, बाके, आणि त्यांच्यावर बसलेली वऱ्हाडी मंडळी. 1960 च्या दशकात आमच्या गावच्या नवऱ्या सासरी गेल्या त्यांतल्या कितीएक जणी त्या सागवानी हौद्यातून गेल्या. आजाऱ्यालाही तीच नेत असे. एका पावसाळ्यात रात्री दोन वाजता आमच्या आईला तिने इस्पितळात पोहोचवले. दिवे मंद होते, पाऊस वेड्यासारखा, आणि वडील पायफळीवर उभे राहून कंदिलाने रस्ता दाखवीत होते. आमच्यातला धाकटा त्या रात्री जन्मला. पुढे कधीही तो गाडीविषयी अनादराने बोलला की बाकीचे दोघे त्याला एवढेच विचारत, “कोणामुळे आलास?”

पेट्रोल परवडेना तेव्हा, 1969 च्या सुमारास, तिचे हृदय बदलले. मुंबईहून एक जुने पर्किन्स पी-सहा डिझेल इंजिन आले. पेट्रोलच्या मोटारींना हे इंजिन बसवण्याची तेव्हा मोठी चाल होती. अंगणातल्या आंब्याच्या फांदीला चेनपुली बांधून आठ दिवस ते काम चालले. इंजिन जाग्यावर बसले, परंतु फार्गोचा आवाज गेला. पूर्वी ती गुणगुणत असे, आता खडखडू लागली. आम्ही तिघे त्या रात्री नीट जेवलो नाही. काका म्हणाले, “अरे, माणूस म्हातारा झाला की आवाज बदलतो. म्हणून तो दुसरा होतो का?”

तोवर रस्त्यांवर दुसरेच राज्य सुरू झाले होते. टेल्कोने 1954 मध्ये जर्मनीच्या डेम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक काढायला सुरुवात केली. 1969 मध्ये तो करार संपला आणि बॉनेटवरच्या तीन टोकांच्या ताऱ्याच्या जागी टाटांचा ‘टी’ आला. लोक मात्र पुढे कितीतरी वर्षे तिला मर्सिडीजच म्हणत. त्या गाड्यांपुढे आमची फार्गो चढावर धापा टाकी. 1981 च्या पावसाळ्यात तिचा चेसिस तुटला. भंगारवाल्याने ती तोडून नेली. वडिलांनी व्यवहार केला. काका त्या दिवशी घरी थांबले नाहीत. ही पट्टी त्यांनी आदल्या रात्री काढून ठेवली असावी. ती कोनाड्यात होती हे आम्हाला चव्वेचाळीस वर्षांनी कळले.

जुन्या गाड्यांचे कौतुक आता वाढले आहे. मुंबईत संचलने होतात, लोक फोटो काढतात, आम्हीही दोनदा जाऊन आलो. तेथे राजेरजवाड्यांच्या, गिरणीमालकांच्या, नटनट्यांच्या गाड्या असतात, आरशासारख्या लखलखीत. मालमोटार क्वचितच दिसते. 2021 मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांना वारसा म्हणून मान देणारे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी त्यांत ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. परंतु ती दुचाकी तरी असावी लागते किंवा खासगी वापराची प्रवासी मोटार तरी. भाड्याने राबलेल्या मालमोटारीला त्यात जागा नाही. याविषयी आमची तक्रार आहे असे नव्हे. बैल देवाघरी गेल्यावर त्याचे तैलचित्र कोणी काढत नाही, घोड्याचे काढतात. ही जगाची रीत आहे. राबणाऱ्याची आठवण त्याच्याबरोबर राबलेल्यांनीच ठेवावी लागते.

परंतु ती ठेवायची तर पुरी ठेवावी, असे आम्हाला हल्ली वाटू लागले आहे. वहीच्या जमेच्या बाजूला फार्गो आहे, कांसाची नांगरट आहे, कोयनेची वीज आहे. खर्चाच्या बाजूला जे आहे ते आम्ही आजवर लिहिले नाही. ते आज लिहितो.

आमच्या वाडीच्या मागे एक बावखल होते. वसईबाहेरच्या वाचकांसाठी सांगावे लागेल : बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे लहान तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही विहिरींना गोडवा ठेवी. आमच्या बावखलावर रहाट होता. रेडा गोल फिरे, लोटे भरून वर येत, पाटाने पाणी केळींना जाई. त्याच पाण्यात केळीचे खांब छातीशी धरून आम्ही तिघेही पोहायला शिकलो. कडेला एक जांभूळ होते आणि उतरायला दगडी पायऱ्या होत्या.

1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईत जमिनीला भाव आला. रहाट जाऊन विजेचे पंप आले होते. बावखल ओस पडले होते. आमची लग्ने झाली होती, मुले झाली होती, घर पुरेना. एक ठेकेदार आला. भराव माझा, यंत्र माझे, तुम्ही सह्या करा, एवढेच त्याचे म्हणणे. 1990 च्या मार्चमध्ये आम्ही तिघांनी सह्या केल्या. कोणी आमच्यावर जुलूम केला नाही, कोणी फसवले नाही. सातबाऱ्यावर काकांचेही नाव होते. त्यांनी कागद हातात घेऊन एकच प्रश्न विचारला, “पावसाचं पाणी कुठं जाईल, ते ठरवलंत का?” आम्ही म्हणालो, “गटार होईल, काका.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सही केली.

डोझर आला. भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी 1964 मध्ये निघाल्यापासून असे डोझर देशातच बनत होते. हा त्यांतलाच एक, पिवळा, जुना. चालवणारा विशीतला परका मुलगा होता. पहिल्याच दिवशी, मातीचा ढीग घेऊन बावखलाच्या उतारावरून खाली येताना, त्याने जांभळापासून दूर जाण्यासाठी दांडा ओढला आणि यंत्र जांभळाकडेच वळले. पोरगा घाबरला, त्याने तोच दांडा आणखी ओढला. साखळीखाली पायऱ्यांचे दगड कडाडले. आम्ही ओरडत होतो. तेवढ्यात चौसष्ट वर्षांचे काका, सदऱ्याच्या बाह्या वर करीत, चालत्या यंत्राच्या साखळीवर पाय न ठेवता मागच्या बाजूने वर चढले. त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “बाजूला हो, बाळा,” ते म्हणाले.

पुढची पाच मिनिटे आम्ही विसरणार नाही. काकांनी विरुद्ध दांडा किंचित ओढला, पायाने ब्रेकला नुसता स्पर्श केला आणि ते बारा टनांचे धूड आज्ञाधारक रेड्यासारखे वळून तळाशी जाऊन थांबले. कित्येक वर्षांची तपस्या त्या दोन हातांत होती. मग त्यांनी तो मुलगा चहाला पाठवला आणि संध्याकाळपर्यंत स्वतःच भराव ढकलला. थर किती सुरेख, कडा किती सरळ! आणि आम्ही, तीन बाप्ये, मुलाबाळांचे धनी, काठावर उभे राहून टाळ्या वाजवीत होतो. आमचे काका डोझर चालवताहेत! लहानपणी बांबूचे दांडे धरून जे स्वप्न आम्ही पाहिले, ते डोळ्यांसमोर होते. ज्या पाण्याने आम्हाला पोहायला शिकवले ते आमच्या समोर बुजत होते आणि आम्हाला आनंद होत होता. हे लिहायला जड जाते. पण तसेच झाले.

संध्याकाळी काका विहिरीवर हातपाय धूत होते. आमच्यातला थोरला म्हणाला, “काका, इतक्या वर्षांनी, आणि हात विसरले नाहीत!” काका हातांकडे पाहत राहिले. म्हणाले, “नाही विसरले. विसरले असते तर बरं झालं असतं.” त्यानंतर ते कोणत्याही यंत्रावर बसले नाहीत. 1996 मध्ये ते गेले.

विहिरीचे पाणी हळूहळू मचूळ झाले. एका वर्षात नव्हे. म्हणून तर कळले नाही. पानवेल आधी गेली, मग केळी खुरटल्या. गटार झाले, परंतु गटाराला उतार कोठे? 2018 च्या जुलैत वसईत पाणी भरले तेव्हा आमच्या नव्या घरात ते कमरेएवढे होते. ते मागच्या बाजूनेच आले, जेथे पूर्वी जात असे तेथेच. आमच्यातला धाकटा जिन्यावर बसून म्हणाला, “काकांनी विचारलं होतं.” दुसरे कोणी काही बोलले नाही.

यंत्राला दोष देणे सोपे आहे. साखळीला कांस कळत नाही आणि बावखलही कळत नाही. ज्या गुणाने ती दलदलीत तरून जाते त्याच गुणाने ती तळ्याच्या काठावर उभी राहते. काकांना मात्र दोन्ही कळत होते, आणि तरीही त्यांनी सही केली, कारण आम्ही त्यांची मुले होतो आणि आम्हाला घर हवे होते. आम्ही समजत होतो की आपण पुढे चाललो आहोत, वर चाललो आहोत. आपण उतारावर आहोत हे आमच्या ध्यानी आले नाही, आणि उतारावर सगळे उलटे असते हे तर आम्हाला लहानपणीच शिकवलेले होते.

असो. पडवी उतरवली ती यासाठी. वाडीच्या कोपऱ्यात, भरावाचा थोडा भाग अजून बांधकामाशिवाय पडून आहे. जांभळाचे बुंध होते तीच जागा. वसईत अलीकडे काही तरुण मंडळी बुजलेली बावखले साफ करू लागली आहेत. ते पाहून आम्ही तिघांनी पुन्हा एकदा मिळून एक निर्णय घेतला. या वेळी कागद नव्हता. खोदायला यंत्र आले, तेही साखळीचेच. आमचा सात वर्षांचा नातू आनंदाने त्याच्यामागे धावत सुटला, अगदी आमच्यासारखा. त्याला आम्ही अडवले नाही. या नव्या यंत्रात प्रत्येक साखळीला तेलाच्या दाबावर फिरणारी स्वतंत्र मोटर असते. उतारावर ती सुटत नाही. काकांचा नियम तिला लागू नाही, हे चालकाने आम्हाला समजावून सांगितले. आम्ही तरीही नातवाला तो शिकवला, दोन बांबू हातात देऊन.

आठ फुटांवर पाणी लागले. पायऱ्यांचे दोन दगडही सापडले, एक दुभंगलेला. फार्गोची पट्टी तेथेच, काठावर रोवलेल्या खांबाला आम्ही ठोकली आहे.

पाणी चाखून पाहिले. अजून मचूळच आहे. एक पावसाळा त्यावरून गेला. गोडवा परत यायला आणखी पावसाळे जातील. ते सगळे आमच्या वाट्याला येतीलच असे नाही, नातवाच्या येतील.